गेली! : बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरचा इतिहास

आमच्याकडे कुणी नुसतं "गेली!" म्हटलं की काय गेली ते विचारावं लागत नाही. शहापूर काय, मुरबाड काय, दोन्ही तालुक्यांत या शब्दाचा अर्थ एकच. लाईट गेली. "आली!" म्हटलं की तीही लाईटच. पाहुणे यायचे असतील तर नावानिशी सांगावं लागतं.

२००० नंतरची दहा-बारा वर्षं या "गेली"ला आणखी एक शेपूट चिकटलं होतं. "गेली, आणि माझं टाईप केलेलं सगळं गेलं!" हे शेपूट आता विस्मरणात चाललंय. माझ्या भाच्याला तर ते सांगूनही खरं वाटत नाही. त्याच्या लॅपटॉपला बॅटरी आहे, लिहिलेलं आपोआप सेव्ह होतं, लाईट गेली तर त्याला कळतं ते पंखा थांबला म्हणून. "मामा, पण कॉम्प्युटर असा मधेच का बंद पडायचा?" या त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, की हे उत्तर कॅबिनेटच्या आत सुरू होतं आणि पार सिद्धगडापर्यंत जातं. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

आधी कॉम्प्युटर आमच्याकडे आला कसा ते सांगतो. बँका आणि सरकारी कचेऱ्या सोडल्या, तर घराघरांत तो शिरला तो एमएस-सीआयटीचं बोट धरून. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन निघालं, हा कोर्स तालुक्यातालुक्यांत पोहोचला आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातीत त्याचं सर्टिफिकेट मागू लागले. शहापुरात नि मुरबाडात क्लासच्या पाट्या लागल्या. मग ज्यांना परवडलं त्यांनी घरी मशीन घेतलं. ते जवळपास नेहमी ‘असेंबल’ केलेलं. लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग घ्यायचे, लोकलने आसनगावला उतरायचं आणि तिथून रिक्षाने शहापूर. मुरबाडला रेल्वे नाही. तिकडचा माणूस कल्याणहून एसटीत बसायचा, मांडीवर पंधरा इंची काचेचा मॉनिटर आणि पायांत कॅबिनेट. रायत्याच्या पुढे रस्त्याला खड्डा आला की सगळी एसटी त्या मॉनिटरकडे बघायची.

या खरेदीत सगळ्यात कमी विचार व्हायचा तो एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला पचेल अशी करून देणाऱ्या पत्र्याच्या डब्याचा. प्रोसेसर कुठला, रॅम किती, हार्ड डिस्क किती यावर घासाघीस चाले. एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळायचा. पुढे बंद पडण्याच्या निम्म्या कहाण्या या फुकटच्या डब्यातून निघाल्या.

भावकीत थोडंफार स्क्रू ड्रायव्हर चालवता येणारा मी एकटाच होतो, त्यामुळे या तक्रारी माझ्याकडे यायच्या. तक्रार एकच, "आपोआप बंद पडतो." पण बंद पडण्याचे प्रकार निरनिराळे असतात, आणि वैद्य जसा ताप सकाळी येतो की संध्याकाळी ते आधी विचारतो, तसं आधी ‘कसा’ बंद पडतो ते विचारावं लागतं.

पहिला प्रकार, चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडणारा. पुन्हा लावला की आणखी लवकर बंद. हा तापाचा रोगी. २००४ च्या सुमाराचे पेंटियम-४ प्रोसेसर तर फार तापायचे. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमची पंखपट्टी आणि तिच्यावर छोटा पंखा असतो, मधे एक पांढरी पेस्ट. आमच्याकडे रस्त्याची धूळ, वीटभट्टीची राख आणि भाताचा कोंडा, तिन्ही मिळून त्या पट्टीत असं बसतं की वाकळच पांघरल्यासारखी. उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. प्रोसेसर जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. उपाय म्हणजे रंगाचा ब्रश, सायकलचा पंप आणि नवी पेस्ट.

दुसरा, बंद न पडता एकदम रिस्टार्ट होणारा. यात पावसाळ्याचा हात मोठा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे रॅमचे पितळी दात कसे कोरडे राहणार? रॅम काढून शाळेच्या खोडरबराने दात पुसले की निम्मी मशिनं सुधारायची. ज्यांची सुधारायची नाहीत त्यांच्या मदरबोर्डवर बॅटरीने नीट बघायचं. कपॅसिटर नावाची छोटी नळकांडी असतात, त्यांची टाळकी सपाट असायला हवीत. ती फुगलेली दिसली, वर तपकिरी डाग दिसला, की समजायचं. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरच असे सदोष कपॅसिटर बाजारात आले होते. आतल्या द्रवाचं रसायन बिघडलेलं असायचं, त्यातून वायू धरायचा आणि नळकांडं फुगायचं. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची मशिनं त्यात फसली, मग आपल्या जोडलेल्या मशिनांची काय कथा.

तिसरा प्रकार ऑगस्ट २००३ मध्ये आला आणि तो सगळ्यांत भुताटकीचा. स्क्रीनवर एक चौकट यायची, साठ सेकंदांत मशीन बंद होणार असं सांगून उलटी मोजणी सुरू व्हायची आणि खरंच बंद व्हायचं. हा ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म. पुढच्या वर्षी त्याचाच भाऊबंद ‘सॅसर’ आला. यांना ना फ्लॉपी लागायची ना ई-मेल. इंटरनेट जोडलं की विंडोजमधल्या भगदाडातून आत. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचा डायल-अप. बिल चढेल म्हणून लोक पाच मिनिटं जोडायचे, पण तेवढी पुरायची. मायक्रोसॉफ्टने भगदाड बुजवणारा पॅच महिनाभर आधीच काढून ठेवला होता. पण तो डाऊनलोड व्हायला डायल-अपवर लागणारा वेळ साठ सेकंदांपेक्षा जास्त! मग मोजणी चालू असतानाच रन मध्ये जाऊन बंद होणं थांबवायची आज्ञा टाईप करायची. त्या काळात ही आज्ञा न अडखळता टाईप करणाऱ्याला गावात मांत्रिकाचा मान होता.

आणि चौथा प्रकार. कुठलीही सूचना नाही, मोजणी नाही, ताप नाही. टक् आवाज आणि अंधार. हा प्रकार मला माझ्या आत्याच्या घरी नीट अभ्यासायला मिळाला.

आत्याचं घर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. माझ्या आतेबहिणीने एमएस-सीआयटी करून घरातच कॉम्प्युटरवर काम सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, अर्ज, बचतगटाचे हिशेब, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. पानाला पाच-सात रुपये. छंदापायी नव्हे, घराला हातभार म्हणून. एक लग्नपत्रिका जुळवायला दोन तास जायचे आणि आप्त-नातेवाइकांची यादी अर्धी झाली की मशीन टक्. तिने यूपीएस घेतला होता, तरी टक्. गावात बोललं जाऊ लागलं, की पोरीला काही येत नाही, उगाच पैसे घालवले. मशीन बंद पडणं हा मग यंत्राचा प्रश्न उरत नाही, तो त्या पोरीच्या अब्रूचा होतो.

मी तिला म्हटलं, "बंद पडला की फक्त वेळ लिहून ठेव." कॉम्प्युटरच्या टेबलावर वही टिकेना. तेव्हा आत्याच म्हणाली, "मी लिहिते की. दुधाचा हिशेब लिहिते तिथंच लिहीन." कालनिर्णयाच्या चौकोनांत दुधाच्या लिटरांखाली वेळा पडू लागल्या. दीड महिन्यानंतर मी ते पान उलटून पाहिलं. वेळा विखुरलेल्या नव्हत्या. एका आठवड्यात सगळ्या सकाळी दहाच्या आसपास, पुढच्या आठवड्यात दुपारी. आत्याने तारखांवर बोट ठेवत सांगितलं, "अरे, हे तर थ्री फेजचं टाइमटेबल आहे."

झालं होतं ते असं. भारनियमनाच्या त्या दिवसांत ग्रामीण भागात थ्री फेज वीज ठरावीक तासच असायची आणि त्या तासांच्या पाळ्या बदलायच्या. एरवी काही वेळ सिंगल फेजवर घरातले दिवे, पंखा, टीव्ही चालायचा. थ्री फेज आली रे आली की गावातली भातगिरणी आणि नदीकाठचे पंप एकदम सुरू व्हायचे. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. आत्याचं घर ट्रान्सफॉर्मरपासून दूर, लाईनच्या शेपटाला. बल्ब क्षणभर लाल होऊन पुन्हा पांढरा व्हायचा. म्हणजे आतेबहिणीचा कॉम्प्युटर लाईट ‘गेली’ म्हणून बंद पडत नव्हता, लाईट ‘आली’ म्हणून बंद पडत होता.

बल्ब टिकतो तो झटका कॉम्प्युटरला का सोसत नाही? त्याचं गणित सोपं आहे. एसएमपीएसमध्ये शिरलेली २३० व्होल्टची वीज आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत बदलते आणि मोठ्या कपॅसिटरांत साठते. ही मशीनची पाण्याची टाकी. बाहेरची वीज थांबली तरी पूर्ण भारावर निदान १७ मिलिसेकंद ही टाकी पुरली पाहिजे, असं त्या काळचं एटीएक्स मानक सांगायचं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एक आवर्तन गळलं तर टाकी रिकामी. त्यातून साठा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० चे १८० व्होल्ट झाले की टाकीत ६० टक्केच पाणी. यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. चांगला एसएमपीएस तेवढा दम धरतो. फुकटच्या डब्यात कपॅसिटरच लहान घातलेले, त्यामुळे यूपीएस मदतीला येईपर्यंत मशीनचा जीव गेलेला.

चांगला एसएमपीएस कसा ओळखायचा? आमच्याकडे तो हातात घेऊन वजनावर ओळखत. आणि ही पद्धत अडाणी नाही. आत तांबं, ॲल्युमिनियम आणि मोठे कपॅसिटर असले की डबा जड लागतोच. जड डबा आणला. घराची अर्थिंग तपासली तर ती नावापुरती. आमच्या काळ्या कातळात खड्डा खोल जात नाही आणि मार्च उजाडला की माती पार कोरडी. खड्डा पुन्हा काढून मीठ-कोळसा घातला आणि रोज कळशीभर पाणी ओतायचं ठरलं. ते काम आत्याने घेतलं. तुळशीला पाणी घालून झालं की अर्थिंगला. त्यानंतर गिरणी सुरू झाली की बल्ब लाल व्हायचा, पण पत्रिका पुरी व्हायची.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी. पण बिघाड शोधायची एक रीत आहे. आतून बाहेर जायचं. प्रोग्रॅम, मग मशीन, मग एसएमपीएस, मग भिंतीतला प्लग. प्लगपाशी आपण थांबतो, कारण पुढची तार आपली नसते. ती तार धरून थोडं पुढे जाऊ.

मुळात भारनियमन एवढं का होतं? राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झालं. १९९० च्या दशकात दाभोळच्या प्रकल्पावर राज्याची मोठी भिस्त होती. त्याचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि दराच्या भांडणात मे २००१ मध्ये बंद पडला. मागणी वाढत राहिली, नवी केंद्रं वेळेवर आली नाहीत. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे भाग होऊन वितरणाचं काम महावितरणकडे आलं तेव्हा तूट आधीच मोठी होती, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती चार-पाच हजार मेगावॉटवर गेली. खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. ‘अक्षय प्रकाश’सारख्या योजना त्याच काळातल्या. संध्याकाळी गावाने पंप-मोटरी बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात घरात दिवे मिळायचे.

यात यूपीएसचे फार हाल झाले. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते. ती दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवते, पण पुन्हा भरायला सहा-आठ तास घेते. दिवसातून दोन-तीनदा वीज जाणार असेल तर ती कधी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेली शिशाची बॅटरी तशीच राहिली की प्लेटांवर गंधकाचं कडक कवच चढतं आणि ती मरते. शहरात तीन-चार वर्षं टिकणारी बॅटरी आमच्याकडे वर्ष-दीड वर्षात जायची. गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथेच तिचं आयुष्य सगळ्यात कमी.

याच सुमारास, २००८ मध्ये, शहापूर तालुक्यातच एक अजब यंत्र सुरू झालं. घाटघरचा उदंचन प्रकल्प. वरचं धरण घाटमाथ्यावर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. खालचं धरण आमच्या चोंढ्याला. रात्री मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने डोंगरावर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॉट वीज करायची. चढवायला लागते त्यापेक्षा उतरताना मिळते ती कमीच, पण हवी त्या घडीला मिळते. थोडक्यात, हा अख्ख्या राज्याचा यूपीएस, आणि तो शहापूर तालुक्यात! त्याच वर्षी त्याच तालुक्यातल्या घरांतले यूपीएस बॅटऱ्या मेल्या म्हणून कोनाड्यात पडले होते.

हे आमच्या भागाला नवं नाही. ज्याला ‘वरून जाणं’ म्हणतात त्याचा आम्हाला शंभर वर्षांचा सराव आहे. तानसाचं धरण १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, मग भातसा. तिन्ही शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला. एकट्या भातसाचा वाटाच जवळजवळ निम्मा. भातसाला १५ मेगावॉटचं वीजघरही आहे. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लावावे लागतात. रेल्वेच्या डोक्यावरची वीजही तशीच. १९३० च्या सुमारास कल्याण-इगतपुरी मार्गावर विजेची गाडी धावू लागली. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या सगळ्या स्टेशनांवरून १५०० व्होल्टची तार गेली. रुळापासून हाकेच्या अंतरावरची घरं त्यानंतरही कित्येक वर्षं चिमणीच्या उजेडात जेवली.

टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईला वीज जाऊ लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. सह्याद्रीच्या कुशीत पाणी पडायचं, आणि लोखंडी मनोऱ्यांवरून वीज गिरण्यांकडे जायची. १९४२ च्या आंदोलनात माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभा केला, तेव्हा त्यांची नजर याच मनोऱ्यांवर गेली. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत दस्त्याने अकरा मनोरे पाडले. मुंबईचे कारखाने आणि रेल्वे खोळंबल्या. दस्त्याचा शेवटचा आसरा मुरबाड तालुक्यातला सिद्धगड. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तिथे घेरलं, आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. दर वर्षी २ जानेवारीला आजही लोक सिद्धगडावर जमतात.

लहानपणी तिथे गेलो तेव्हा मला ती फक्त बलिदानाची गोष्ट वाटायची, आणि ती आहेच. आता तिच्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांच्या घरात एक दिवा नव्हता, त्यांना कुठली तार कुठे जाते हे नेमकं ठाऊक होतं. तिच्याविना कोण थांबेल हेही ठाऊक होतं. विजेचा नकाशा सगळ्यात चांगला त्यांनाच कळला होता ज्यांच्या गावाचं नाव त्या नकाशात नव्हतं.

हा नकाशा स्वातंत्र्यानंतर फार बदलला असं नाही. मुंबई शहराला वीज देणाऱ्या कंपन्या वेगळ्या राहिल्या, बेस्ट, टाटा आणि उपनगरात बीएसईएस. राज्याचं जाळं कोलमडलं तर मुंबईला चटकन वेगळं काढून सांभाळणारी ‘आयलंडिंग’ची व्यवस्थाही आहे. मुंबईत भारनियमन नव्हतं त्याचं कारण हे. त्यात मुंबईकरांचा दोष नाही. तिथली वीज महाग होती, बिलं भरली जात होती आणि दवाखाने, लोकल, बंदर थांबवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. १९९९ मध्ये चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची डीसी लाईन आली. पडघे म्हणजे आमच्या शेजारच्या भिवंडी तालुक्यात. १५०० मेगावॉट नेण्याची तिची ताकद. कोळसा विदर्भातला, धूर विदर्भात, आणि तार घाट उतरून इथे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघे वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली. आयलंडिंगही त्या दिवशी टिकलं नाही. लोकल थांबल्या, परीक्षा पुढे ढकलल्या. माझ्या मुंबईच्या मावसभावाचा फोन आला, "अरे, मीटिंगच्या मधेच कॉम्प्युटर बंद पडला, काय करू?" मी म्हटलं, "वेळ लिहून ठेव."

यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मला सरकारी व्याख्येत सापडली. ‘गावात वीज पोहोचली’ म्हणजे काय? १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामाला वीज वापरली जात असली, की गाव विद्युतीकरण झालेलं धरायचे. शिवारातला एक पंपसुद्धा पुरेसा. १९९७ मध्ये ती वस्तीत हवी असं ठरलं. २००४ मध्ये निदान दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा जागी हवी असं ठरलं. २०१७ च्या सौभाग्य योजनेने प्रत्येक घराचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा कुठे कातकरी आणि ठाकर पाड्यांतली उरलेली घरं यादीत आली. पण गाव विद्युतीकरणाच्या या व्याख्यांत दिवसाला किती तास आणि किती व्होल्ट हे कुठेच नव्हतं.

बल्बला ते विचारावंसं वाटलं नाही. व्होल्ट कमी झाले तर तो मिणमिणतो. पंखा हळू फिरतो. रेडिओ खरखरतो. ही सगळी यंत्रं आमच्यासारखीच, मिळेल त्यात भागवणारी. कॉम्प्युटर हे आमच्या घरात आलेलं पहिलं यंत्र, ज्याने भागवून घ्यायला नकार दिला. वीज आहे की नाही एवढ्यावर तो थांबला नाही. कशी आहे, हे त्याने विचारलं. आणि आत्याच्या कालनिर्णयावर त्याचं उत्तर तारीखवार लिहिलं गेलं.

हे प्रश्न पुढे चावडीवर गेले. २०११ मध्ये ‘संग्राम’ योजनेत ग्रामपंचायतींना कॉम्प्युटर आले आणि दाखले त्यावर निघू लागले. माझी आतेबहीण शेजारच्या पंचायतीत संगणक परिचालक झाली. आता मशीन बंद पडलं तर एका लग्नपत्रिकेचं नुकसान नव्हतं. जन्माचा दाखला अडायचा, घरकुलाचा अर्ज अडायचा, आणि डोंगरावरच्या पाड्यावरून दीड तास चालत आलेली बाई मजुरी बुडवून परत जायची. आतेबहिणीने रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. एसएमपीएस हातात घेऊन वजन पाहिलं, आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शिपायाला विचारलं. तो कुणालाच माहीत नव्हता.

वसुली आणि गळती पाहून फीडर निवडत २०१२ च्या अखेरीपर्यंत राज्याच्या बऱ्याच भागातलं भारनियमन उठलं. शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे होत गेले, तसा गिरणी-पंपांचा झटका घरांना कमी बसू लागला. २०१४ मध्ये विंडोज एक्सपीला मिळणारी मायक्रोसॉफ्टची मदत संपली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, आणि शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. आता काम मोबाईलवर आणि लॅपटॉपवर चालतं, ज्यांच्या पोटात स्वतःची बॅटरी असते. पावसाळ्यात झाड पडून लाईट अजूनही जाते, पण आता ती आपल्याला थांबवत नाही म्हणून आपण तिची वेळही लिहीत नाही.

मला मात्र वेळ लिहिण्याची सवय सुटू नये असं वाटतं. कुणाचं काही वारंवार बंद पडत असेल, मग तो कॉम्प्युटर असो, गावचा नळ असो की संध्याकाळची एसटी, तर तक्रार करण्याआधी महिनाभर तारीख आणि वेळ लिहावी. दुधाच्या हिशेबाखाली जागा असतेच. "नेहमी बंद असतं हो" याला कचेरीत कुणी उत्तर देत नाही. "मंगळवारी दहा वाजून पाच मिनिटांनी, बुधवारी दहा वाजून दहा मिनिटांनी" म्हटलं की समोरच्याला रजिस्टर उघडावं लागतं. आत्याने तेच केलं होतं. पुढे गावच्या ग्रामसभेत नव्या ट्रान्सफॉर्मरचा विषय निघाला, तेव्हा ती ते जुनं कालनिर्णय पिशवीत घालून घेऊन गेली. ट्रान्सफॉर्मर यायला त्यानंतर दोन वर्षं लागली. तो आता तिच्या घरापासून चार खांबांवर आहे.